खिडकीला डोकं टेकलेली म्हातारी

मी गाव सोडलं त्या दिवशी काळीपिवळी जीप चावडीपाशी उभी होती. डायवर सारखा हॉरन वाजवून राह्यलता, त्याच्या घनसावंगीच्या सवाऱ्या खोळंबल्या होत्या. माझं सामान काय, दोन घोंगड्या, एक पत्र्याची पेटी आणि बंडीच्या आतल्या खिशात सोजरचा फोन. माझा पोरगा गजा पुढं डायवरशेजारी बसलेला. बाया डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या, बाप्ये उगंच जीपच्या टायरकडं बघून राह्यलते. मी बसलो. तेवढ्यात आमची शेजारीण गयाबाई गर्दीतून वाट काढत आली, फडक्यात बांधलेल्या भाकरी माझ्या मांडीवर ठेवल्या आणि कानाशी येऊन म्हणाली, "भावजी, त्या म्हातारीचं काय झालं वो? झोपली का मेली?"

गजानं वळून विचारलं, "कोणती म्हातारी?"

"तू गप बस," मी म्हणालो. आणि गयाबाईला म्हणालो, "बघून सांगतो."

जीप निघाली. बघून सांगतो म्हणालो खरा, पण मला बघायचंच नव्हतं. त्या म्हातारीचं नाव काढलं तरी माझ्या हाताला कापरं सुटायचं. भाकरीचं फडकं मी जालन्यापर्यंत सोडलं न्हाई, हात लपवायला ते बरं पडलं.

ती म्हातारी आपल्या गावची न्हाई. ती कोरियाची. तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे, काही हसतील. जे गावातच आहेत आणि जे माझ्यासारखे उठून पुण्याला, जालन्याला, कुठं कुठं गेले त्या सगळ्यांसाठी मी हे लिहून राह्यलो. शाळा माझी चौथीपर्यंत, तवा अक्षर आणि भाषा संभाळून घ्या. सूनबाई म्हणाली, मामा, तुम्ही कोणती कोरियन सिरीयल बघावी ते लोकांना सांगता ना तोंडी, तेच लिहा. तर लिहितो. पण सोजरला सोडून मला ते सांगता यायचं न्हाई.

सोजर म्हंजे माझी बायको. मी गाव सोडलं तवा तिला जाऊन चार महिने झालते. हे वाक्य आता लिहिता आलं. तवा तोंडातून निघत नव्हतं. कोणी विचारलं तर "तिला जालन्याला नेलतं" एवढंच म्हणायचो आणि दुसरीकडं बघायचो. समोरच्याला पण समजायचं, तो पुढं विचारायचा न्हाई.

आमची सून सुनंदा जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या हापिसात कामाला आहे. एका दिवाळीला ती गावी आली आणि तिचा जुना फोन सोजरला देऊन गेली. त्यात तिनं सिरीयलींचं ॲप घालून दिलं, सोजरच्या नावाचा कोपरा करून दिला, त्याच्यावर पिवळ्या कोंबडीच्या पिलाचं चित्र. "आत्याबाई, दुपारी बसत जा बघत," म्हणाली. सोजर म्हणाली, "मला मेलीला हिंदी कुठं येतीय?" सुनंदा म्हणाली, "मामांना येती ना."

मला येते, कारण जवानीत मेंढरं घेऊन लई मुलूख फिरलो. हैद्राबादकडचे व्यापारी यायचे, त्यांच्याशी सौदा हिंदीतच. आणि दुसरं, श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची तवा मास्तर वाचायचे आणि अर्थ सांगायला मी बसायचो. ज्यांनी बघितलं न्हाई त्यांना सांगतो, आपल्याकडं पोथी एकट्यानं होत न्हाई. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा, आणि खाली ऐकणारे पायजेत. ऐकणारा नसला तर ती पोथी न्हाई. आणि एकदा लावली की मधी सोडायची न्हाई. वाचणारा आजारी पडला तर दुसरा बसंल, घरात सुतक आलं तर फिटल्यावर पुढं धरायची, पण समाप्ती झालीच पायजे. माझा बाप तर म्हणायचा, अर्धी पोथी घरात फिरत ऱ्हाती.

तर आमच्या ओट्यावर रोज दुपारी फोन तांब्याला टेकवून उभा करायचा. सोजर मधी, गयाबाई बाजूला, आणखी दोघी-तिघी मिरच्या निवडत. मी मागं भिंतीला टेकून चातीवर लोकर कातीत बसायचो. फोनातली माणसं हिंदी बोलायची, आणि बोलून झालं की सोजर मान न वळवता म्हणायची, "अर्थ सांगा." मी सांगायचो. जरा लांबवलं तर गयाबाई ओरडायची, "भावजी, जल्दी! तिकडं दुसरं सुरू झालं." कधी मी माझ्या पदरचं पण घालायचो. एकदा एक पोरगा पोरीला लई वेळ काही बोलला, मी म्हणालो, "तो म्हणतो जेवलीस का." सोजर म्हणाली, "एवढा वेळ? ढोरं पण इचारली का मंग?"

आता सिरीयली सांगतो.

पहिली गोष्ट, ज्या हिंदी बोलतात त्याच घ्या. काहींमधी माणसं त्यांच्याच भाषेत बोलतात आणि खाली अक्षरं पळतात. आपलं वाचून होस्तोर तो माणूस बोलून, उठून, लग्न करून मोकळा होतो. तरण्या पोरांना जमतं, आपल्याला न्हाई.

दुसरी गोष्ट, ज्यात मेलेली माणसं उठून पळतात ती बिलकुल बघू नका. मी जालन्यात आल्यावर एक बघितली, सोजरच्या कोपऱ्यातून न्हाई, गजाच्या टीव्हीवर, चुकून. पुढं आठवडाभर लिफ्टमधी चढलो न्हाई.

खेड्यात आलेल्या डाक्टरणीची एक आहे, ती बघा. शहरातून रुसून आलेली पोरगी आणि गावातल्या म्हाताऱ्या तिला रोज काही ना काही खायला नेऊन देतात. ती पहिल्यांदा घेत न्हाई, मंग दारात भांडी साचत जातात. ही सोजरनं दोनदा बघितली. दोन भावांची एक आहे, रसवाल्या मटनाची खानावळ चालवणाऱ्यांची, बाप मेल्यावर चव कोणाला येती याच्यावरून भांडण. ती बघताना पोट भरलेलं पायजे. श्रीमंताच्या पोराच्या लई आहेत, काचेच्या हापिसातल्या. सगळ्यांमधी पाऊस येतो आणि छत्री एकच असती. ज्याला आवडंल त्यानं बघावं, मला झोप येते.

आणि सगळ्यात चांगली ती म्हातारीची.

तिचं खरं नाव इंग्रजीत आहे, मला बोलता येत न्हाई. चित्रात एक म्हातारी पत्र्याच्या डब्यावर बसलीय आणि मागं समुद्र. ती समुद्राकाठच्या गावात मिरच्या आणि मासे वाळवती. अंगणात मिरच्यांचा तांबडा गालिचा. सोजर पहिल्याच दिवशी म्हणाली, "अवो, ही तर आपलीच." दारात चपला काढतात, थोरल्यासमोर वाकतात, गड्डा कोबीचं लोणचं रांजणात भरून जमिनीत पुरतात, मेलेल्या माणसाच्या फोटोपुढं ताट वाढतात. सोजरला हे लई पटलं. म्हातारीचा नवरा लंगडा, बोलतच न्हाई, अख्ख्या भागात दोन शब्द. गयाबाई म्हणाली, "हा भावजीसारखा." सोजर म्हणाली, "हा बरा की. मला तर चोवीस तास अर्थ सांगणारा भेटला."

म्हातारीचा पोरगा मोठ्या शहरात. तिला काहीतरी पोटाचं दुखणं, ती कोणाला सांगत न्हाई. पोरगा कळल्यावर तिला शहरात नेतो, उंच दवाखान्यात घालतो. तिथनं ती एक दिवस कोणाला न सांगता निघती आणि बस धरती, गावाकडं. खिडकीपाशी बसती. पोट दाबून धरलेलं. बस डोंगरातून चालली, बाहेर समुद्र दिसायला लागला, आणि तिचं डोकं हळूच खिडकीच्या काचेला टेकलं. डोळे मिटले. भाग संपला.

मिरची हातात तशीच धरून गयाबाई म्हणाली, "मेली."

सोजर अशी उसळली. "मेली म्हणतीस? तुझ्या तोंडात माती! झोपलीय ती. बसमधी डुलकी लागत न्हाई का माणसाला?"

"मान बघ की कशी पडली."

"तुझी पण अशीच पडती परतूरच्या रेल्वेत, तोंड उघडं टाकून. तवा आम्ही तिरडी बांधली का?"

दोघी भांडायला लागल्या. मला म्हणाल्या, अर्थ सांगा. आता तिथं कोणी काही बोललंच नव्हतं, अर्थ कशाचा सांगू? मी म्हणालो उद्या बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरला चूल पेटवता पेटवता घाम फुटला आणि ती तिथंच बसली. त्याच काळीपिवळीनं तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती जरा बोलली. नळी लावलेली. मी म्हणालो, फोन आणलाय, म्हातारीचं बघू का? तिनं मान हलवली. "इथं नको. मी घरी आले की बघू. आणि तुम्ही माझ्याबगर पुढं बघू नका, सांगून ठेवते."

तेच तिचं शेवटचं बोलणं. पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच खांदा दिलता.

आता नवीन जालन्यातलं सांगतो. जे माझ्यासारखे म्हातारपणी फ्लॅटात आले त्यांना समजंल, बाकीच्यांनी हसून घ्यावं.

गजाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. टेसनापासून लांब न्हाई, गाडीची शिट्टी येते. घर चांगलं आहे, सून चांगली आहे, गजा सकाळी जातो तो दिवस बुडाल्यावर येतो. दोघं कामाला गेले की मी एकटा. आणि मला भेव वाटतं. सरळच लिहितो, लाजून काय करू. उभ्या जन्मात मी रानात निजलो, मेंढरांच्या वाड्यापाशी लांडगा यायचा, त्याचे डोळे बघितलेत, पण असं भेव कधी वाटलं न्हाई. इथं लांडगा न्हाई. इथं फ्रीज मधीच गुरगुरतो आणि मी दचकून उठतो. लिफ्टचं दार बंद झालं की माझा श्वास बंद होतो. घराच्या दाराला असं कुलूप आहे की ओढलं की आपोआप बसतं. एकदा कचरा ठेवायला बाहेर आलो, वाऱ्यानं दार लागलं, चावी आत. दुपारभर जिन्यात बसलो. चार दारं आहेत त्या मजल्यावर, चारही बंद. कोणाच्या दाराची घंटी वाजवायची छाती झाली न्हाई.

आणि त्याच्याहून मोठं भेव सांगतो. मी आत, दार लागलेलं, आणि मला काही झालं तर? चुलीपाशी सोजर बसली तवा मी हाताच्या अंतरावर होतो, गयाबाई हाकेच्या अंतरावर. इथं हाक मारली तर ती भिंतीलाच लागती. म्हणून मी दार उघडं ठेवायला लागलो. सुनंदा संध्याकाळी आली की चपला बघायची, दार बघायची. "मामा, दार लावून घेत जा. दिवस चांगले न्हाईत."

मी म्हणायचो, "मोकळी हवा यावी म्हणून."

एक दिवस ती म्हणाली, "मामा, जिन्यात कुठली आलीय मोकळी हवा?" आणि माझ्याकडं बघत ऱ्हायली. मला वाटतं तिला तवाच समजलं. दुसऱ्या दिवशी दारामधी ठेवायला तिनं एक लाकडाचा तुकडा आणून दिला.

दुपारी मी फोन काढायचो. सोजरचा कोपरा उघडायचो, ते पिवळं पिलू. म्हातारीचं चित्र यायचं, आणि त्याच्या खाली तांबडी रेघ. जिथवर बघून झालं तिथवर ती रेघ असते. ती सोजरची रेघ. मी बोट वर धरायचो आणि काढून घ्यायचो. दाबलं तर रेघ पुढं सरकंल. मंग सोजर कुठवर आलती हे जगात कुठंच ऱ्हाणार न्हाई. आणि म्हातारी जर खरंच मेली असंल तर? सोजर तर म्हणून गेली, झोपलीय. जोवर मी बघत न्हाई तोवर ती झोपलेलीच आहे ना, खिडकीला डोकं टेकून. ती बस चाललीच आहे.

गयाबाईचे फोन यायचे. मी उचलायचो न्हाई. ती पहिलं तेच विचारणार.

मंग एक दिवस सुनंदानं फोन हातात घेतला होता, काहीतरी नीट करायला, आणि म्हणाली, "मामा, ही म्हातारीची सिरीयल निघून जाणारय. या आठवड्यात शेवटचं."

"कुठं जाणार?"

"कंपनी काढून टाकते. मुदत असती त्यांची."

"आपण पैसे भरले न्हाईत का?"

"भरले की. तरी काढतात. मुदत संपली की संपली."

मी खालीच बसलो. सुनंदा घाबरली, पाणी आणलं. मंग मी तिला सगळं सांगितलं. बस, खिडकी, गयाबाईची भांडणं, नळी, माझ्याबगर बघू नका, तांबडी रेघ, सगळं. आणि म्हणालो, अर्धी पोथी ऱ्हायली पोरी. ती बघू नका म्हणून गेली, आणि पोथी तर सोडता येत न्हाई. मी काय करू?

सुनंदा शिकलेली आहे, हसंल असं वाटलं. पण ती म्हणाली, "आत्याबाई काय म्हणाल्या? 'मी घरी आले की बघू', असंच ना? मंग घरी जाऊन बघा. त्यांच्या घरी. इथं एकट्यानं कशाला बघता, ऐकणारं न्हाई काही न्हाई."

तिनं त्याच दिवशी राहिलेले भाग फोनात भरून दिले, कारण गावात रेंज कधी येते कधी जाते. आणि हापिसात रजा टाकून स्वतः माझ्यासंगं आली. जीपमधी मी विचारलं, "तू कशाला?" म्हणाली, "पोथीला ऐकणारं पायजे ना."

घराला कुलूप होतं. चावी लागंना, गंज धरलता. कुलूप हातात धरून मी तसाच उभा. दुपारची वेळ, गल्लीत कोणी न्हाई. मी सुनंदाला म्हणालो, चल परत जाऊ. खरंच म्हणालो.

मी पोरगा असताना, पहिल्यांदा मेंढरांमागं रात्रीचा ऱ्हायलो तवा बाप म्हणालता, "भेव वाटलं की पळायचं न्हाई रं, हाक मारायची. पळतो त्याच्या मागं लांडगा लागतो." ते मला तिथं दारात आठवलं. आणि मी हाक मारली, मेंढराला मारावी तशी, "गयाबाईऽऽ!"

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "ओऽ! कोण, भावजी? फोन उचलायला हात झडले होते का तुमचे?"

ती आली, हातात पीठ. कुलपाला तेल घातलं, दार उघडलं. ओटा झाडला. मी तांब्या आणला, फोन त्याला टेकवला. त्याच दोघी-तिघी आल्या, मिरच्या घेऊनच आल्या, दिवस मिरच्यांचेच होते. मधली जागा सगळ्यांनी सोडली. कोणी सांगितलं न्हाई, तशीच सोडली. मी मागं भिंतीला टेकलो, पण चाती हातात धरवंना. गयाबाईनं फोनापुढं नारळ ठेवला, चिमूटभर हळदकुंकू. सुनंदानं बटन दाबलं. माझ्यानं झालं नसतं.

बस चाललेली. खिडकी. डोकं टेकलेलं. लई वेळ तसंच. मंग बस थांबली, आणि डायवर मागं येऊन म्हणाला, "अम्मा, गाँव आ गया."

म्हातारीनं डोळे उघडले.

गयाबाईनं मांडीवर हात मारला. "झोपलीच व्हती वो! सोजर बराबर म्हणलती!" आणि रडायला लागली, हसत हसत. "आता कोणासंगं भांडू मी, हरले तर हरले." सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. मी अर्थ सांगायला लागलो, मोठ्यानं, पहिल्यासारखा. म्हातारी घरी आली, नवऱ्याला शिव्या दिल्या, मिरच्या पावसात का ठेवल्या म्हणून. त्याला जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ती अंगणात मिरच्या पसरायला बसली. पसरता पसरता तिचा हात थांबला.

तिचा हात मिरच्यांवर होता. नवरा दारात उभा. समुद्राचा आवाज येत होता. फोनात कोणी बोलंना. मला चूल दिसून राह्यलती.

गयाबाई मान न वळवता म्हणाली, "भावजी. अर्थ सांगा."

सगळ्यांना दिसत होतं काय झालं ते, सांगायचं काय त्यात? पण पोथीत सांगणाऱ्याला गप बसता येत न्हाई. मी म्हणालो, "म्हातारी गेली."

मंग म्हणालो, "सोजर गेली."

ओट्यावर सगळ्या रडल्या. मी पण. चार महिन्यांनी आणि वर आणखी किती दिवसांनी. सुनंदानं माझा हात धरला होता, कापणारा, तसाच कापू दिला.

आणि ते चालू असतानाच फोनात आकडे यायला लागले. तुम्हाला ठाऊक असंल, एक भाग संपला की कोपऱ्यात आकडे उलटे पडतात आणि पुढचा आपोआप सुरू होतो. मी घाबरलो. मी ओरडलो, "थांबव, थांबव गं, म्हातारी मेलीय, आता काय दाखवतात?" फोन हिसकून घेतला, बोटं मारली, कुठलं बटन ते घावंना, आणि सुरू झालाच. मला ठाऊकच नव्हतं. मी समजत होतो म्हातारी मेली की सिरीयल संपली. पुढं अजून भाग शिल्लक होते.

त्यात तो लंगडा म्हातारा होता. एकटा. चुलीपाशी उभा, भात लावायला. पाणी किती घालावं ते त्याला ठाऊक न्हाई. घातलं, आणखी घातलं. भात झाला गिच्च. त्यानं दोन वाट्या काढल्या, दोन्ही भरल्या, आणि मंग एकीकडं बघत बसला. तेवढ्यात शेजारची बाई न विचारता आत आली, भात बघून नाक मुरडलं आणि दुसऱ्या वाटीसमोर बसून खायला लागली.

पदरानं डोळे पुसता पुसता गयाबाईला हसू फुटलं. "भावजी, मागं एकटे ऱ्हायलते तवा तुमचा भात पण असाच व्हता की. मी ढोराला घातला तर ढोर पण इचार करीत ऱ्हायलं."

आम्ही ती सिरीयल दिवस मावळायच्या आत संपवली. समाप्तीला नारळ फोडला, साखर घालून खोबरं वाटलं. गल्लीतली मारुतीला चाललेली माणसं विचारून राह्यलती, कसला परसाद? गयाबाई म्हणाली, "पोथीचा. घ्या."

आता ती सिरीयल ॲपमधी न्हाई. तांबडी रेघ पण न्हाई. म्हणून तुम्हाला तिची सगळी गोष्ट सांगितली, कारण बघा म्हणून सांगायला ती उरली न्हाई. बाकीच्या आहेत, डाक्टरणीची, खानावळीची, त्या बघा. एकटे बघू नका. गावात असाल तर ओट्यावर बसा, शहरात असाल तर कोणाला तरी दारात हाक मारा.

भेव गेलं असं मी म्हणणार न्हाई. फ्रीज गुरगुरला की अजून दचकतो. लिफ्टमधी श्वास धरतो. दारात तो लाकडाचा तुकडा अजून आहे. महिन्यातून एकदा गावी जातो, घर झाडतो, ओट्यावर एखादा भाग होतो, गयाबाईशी भांडण होतं. लोक विचारतात, आता घर कोणतं, तिकडचं का इकडचं? मला नीट सांगता येत न्हाई. तिकडं गेलो की इकडचा फ्लॅट आठवत न्हाई. पण इकडं पण आता एक होऊन राह्यलंय.

रविवारी दुपारी सुनंदा भाजी निवडायला माझ्यापाशी येऊन बसते. डाक्टरणीची लावते, सोजरच्या कोपऱ्यातून, पिवळ्या पिलावरून. समोरच्या दारातली म्हातारी पण यायला लागलीय, एक दिवस दार उघडं दिसलं म्हणून डोकावली होती. कोरियाची माणसं हिंदीत बोलतात. सुनंदाला हिंदी माझ्यापेक्षा चांगली येते, इंग्रजी पण येते. तरी ती मान न वळवता, भाजी निवडत निवडत म्हणते, "मामा, अर्थ सांगा."

मी सांगतो.